पाणी कुठे मुरतं?

एप्रिल उजाडला की अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळाभर झाकून ठेवलेले कॅम्पिंग ट्रेलर बाहेर निघू लागतात. ताडपत्र्या उतरतात, बॅटऱ्या जोडल्या जातात, नळ गोठून फुटू नयेत म्हणून भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ धुऊन काढलं जातं. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते. तिला जोडून पहिली सहल व्हायलाच हवी, असा बहुतेकांचा शिरस्ता. या लगबगीत जाणता मालक सर्वांत आधी एकच काम करतो. आत शिरतो, दार ओढून घेतो आणि मिनिटभर नुसता उभा राहून वास घेतो.

कोरड्या ट्रेलरमध्येही प्लॅस्टिकचा आणि गाद्यांचा कोंदट वास येतो, पण खिडक्या उघडल्या की तो तासाभरात जातो. कुबट, मातकट वास आला आणि दिवसभर वारा खेळवूनही गेला नाही, तर पाणी आत शिरलंय हे नक्की समजावं.

ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं. टायर, ब्रेक, बेअरिंग, फ्रीज, शेगडी, सगळं बदलता येतं. भिंतीतली लाकडं कुजली की मात्र दुरुस्तीचा खर्च अनेकदा ट्रेलरच्या किमतीच्या पुढे जातो. बरे चालणारे ट्रेलर वेळेआधी भंगारात जातात, त्याचं मुख्य कारण पाणी. ते पुराचं किंवा वादळाचंच असतं असं नाही. एखाद्या स्क्रूशेजारून थेंबाथेंबाने येणारं पाणीही पुरतं. ही गळती शोधायची कशी आणि ती खरोखर बंद कशी करायची, हे मी गेली काही वर्षं मालकांकडून आणि कारागिरांकडून समजून घेतो आहे. सगळ्यांच्या सांगण्यातून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली. गळती बुजवणं हे शेवटचं आणि सर्वांत सोपं काम आहे. खरं काम आहे ते पाण्याची वाट शोधणं.

सांध्यांनी बनलेलं घर

अमेरिकेतल्या या उद्योगाचं मूळ पीठ म्हणजे इंडियाना राज्यातला एल्कहार्ट परिसर. देशातले बहुसंख्य ट्रेलर आणि मोटरहोम याच भागात तयार होतात. इथल्या कारखान्यांत आमिश समाजाचे सुतारकाम जाणणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत. एल्कहार्टच्या संग्रहालयात १९१३ सालचा एक प्रवासी ट्रेलर जपून ठेवलेला आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीमागे ओढता येईल एवढा छोटा. तिथपासून २०२१ सालापर्यंत हा उद्योग एवढा वाढला, की त्या एका वर्षात ६ लाखांहून अधिक ट्रेलर आणि मोटरहोम कारखान्यांतून बाहेर पडले. कोविडमुळे हॉटेलं आणि विमानं नकोशी झाली होती, त्यामुळे मागणी उसळली होती.

सांधे कमी ठेवण्याचा विचार या व्यवसायात जुना आहे. चार्ल्स लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ या विमानाच्या बांधणीत सहभागी असलेल्या हॉली बोलस यांनी १९३४मध्ये विमानासारखाच गोलाईचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा ट्रेलर तयार केला. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६मध्ये आणलेला ‘क्लिपर’ त्याच वळणाचा होता. गोल छतावर पाणी साचत नाही, हा त्या आकाराचा मोठा फायदा. पण रिव्हेट मारून जोडलेल्या त्या पत्र्यांनाही शिवणी आहेतच, आणि जुन्या एअरस्ट्रीमचे मालकही आयुष्यभर त्या शिवणींवर लक्ष ठेवून असतात.

आजचे बहुतेक ट्रेलर मात्र चौकोनी असतात. स्वस्त प्रकारात दीड-दोन इंचांच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये ग्लासवूल आणि बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा. महाग प्रकारात ॲल्युमिनियमची चौकट, फोम, पातळ प्लायवुड आणि फायबरग्लास एकमेकांना चिकटवून केलेली सपाट, गुळगुळीत भिंत. छतावर बहुधा रबराचं किंवा प्लॅस्टिकचं अखंड आवरण असतं. ईपीडीएम किंवा टीपीओ ही त्यांतली नेहमीची नावं.

आवरण अखंड असतं आणि मग त्याला भोकं पाडली जातात. एअर कंडिशनरसाठी चौदा इंचांचं चौकोनी भोक, न्हाणीघराच्या पंख्यासाठी तेवढंच दुसरं, फ्रीजची गरम हवा बाहेर जायला एक, मैल्याच्या टाकीच्या वायुनळीला एक, शॉवरवरच्या झरोक्याला एक. त्यात अँटेना, शिडी, सौर पॅनेलचे पाय, छतकडेचे छोटे दिवे. यांतली प्रत्येक वस्तू स्क्रूंनी बसवलेली असते आणि प्रत्येक स्क्रू हे आणखी एक भोक असतं. छत आणि भिंत मिळतात त्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी येते. तीही काही इंचांच्या अंतराने स्क्रू मारत लांबच्या लांब बसवलेली.

हे घर रस्त्यावर ताशी साठ मैलांनी धावतं. खड्ड्यात चाक गेलं की चौकट पिळवटते. उन्हात ॲल्युमिनियम लाकडापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, थंडीत तितकंच आकसतं. हे रोज होत राहिलं की स्क्रू कणाकणाने ढिले होतात आणि त्यावरचा सीलंटचा थर चिरतो. पावसात गाडी हाकताना समोरून येणारं पाणी नुसतं पडत नाही, ते वाऱ्याच्या दाबाने आत रेटलं जातं. उभ्या ट्रेलरमध्ये कधीच न गळणारी पुढची खिडकी प्रवासात गळते, ती यामुळे.

डाग एकीकडे, भोक दुसरीकडे

सिॲटलच्या दक्षिणेला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने जुना ट्रेलर विकत घेतला होता. सिॲटलचा वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. पण मुंबईत पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने सगळं वाळायला मिळतं. सिॲटलला तो ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रिमझिमत राहतो. ऊन नाही, वारा नाही, भिजलेलं वाळायला सवडच नाही. ट्रेलरच्या दृष्टीने हा पाऊस जास्त घातक.

त्या घरात राजापूरकडची आजी पाहुणी म्हणून आली होती. नातवंडांनी तिला हौसेने ट्रेलर दाखवायला नेलं. आत पाऊल टाकताच ती मुलीला म्हणाली, “अगं, कुबट वास येतोय. पलंगाच्या कोपऱ्यात ओल आहे बघ.”

“आई, बाहेर सारखा पाऊस आहे ना, म्हणून वाटतंय.”

“पावसाचा वास मला कळत नाही होय? हा भिंतीतला वास आहे.”

आजीचं खरं निघालं. गादी उचलली, तर मागच्या खिडकीखाली भिंतीच्या कागदावर चहाच्या रंगाचा डाग होता. जावयाने खिडकीभोवती सिलिकॉनचा जाड थर दिला. पुढच्या पावसात डाग वीतभर वाढला. मग त्यांनी एका फिरत्या कारागिराला बोलावलं. व्हॅनमध्ये अवजारं घेऊन घरोघरी ट्रेलर दुरुस्त करत फिरणारी ही मंडळी अमेरिकेत गावोगावी आहेत. त्या दिवशी मीही तिथे होतो.

कारागिराने आधी ओलावा मोजायचं यंत्र काढलं. दोन सुया लाकडात टोचल्या की आतला ओलावा टक्क्यांत कळतो. साधारण पंधराच्या आत असेल तर लाकूड कोरडं, विसाच्या वर गेलं तर धोका. खिडकीच्या चौकटीभोवती आकडा बारा-तेराच होता. खिडकीपासून वर, छताच्या कडेकडे सुया नेल्या तसा तो वाढत गेला आणि कोपऱ्यात तिसाच्या पुढे गेला. म्हणजे पाणी खिडकीतून येतच नव्हतं, खिडकीपाशी येऊन थांबत होतं.

मग त्याने छतावरच्या झडपेच्या जागी एक पंखा बसवला. बाहेरची हवा आत ढकलणारा. दारं-खिडक्या लावल्या, फ्रीज आणि हीटरच्या बाहेरच्या जाळ्या चिकटपट्टीने झाकल्या, मोऱ्यांच्या सापळ्यांत पाणी ओतलं. पंखा सुरू झाला आणि आत हलका दाब तयार झाला. हवा जिथून बाहेर पडते तिथूनच पाणी आत येतं, एवढाच या चाचणीचा हिशेब. शिडीवर चढून त्याने सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायला सुरुवात केली. खिडकीवर काहीच झालं नाही. पंख्याभोवती नाही, एअर कंडिशनरभोवती नाही. छतकडेच्या पट्टीवरून तो पुढे पुढे सरकत गेला आणि पलंगापासून आठ-नऊ फुटांवर, एका केशरी दिव्याच्या बुडाशी फेस उठला. आधी बारीक बुडबुड्यांची एक रांग आली, मग करवंदाएवढा एक बुडबुडा फुगला आणि फुटला. त्याच जागी दुसरा फुगू लागला.

“डागावर विश्वास ठेवू नका,” तो म्हणाला. “ट्रेलर कोणत्या बाजूला कललाय ते बघा.”

ट्रेलर उभा होता ती फरशी मागच्या बाजूला किंचित उतरती होती. दिव्याच्या तारेच्या भोकातून पाणी आत येत होतं, कडेच्या लाकडावरून मागे वाहत होतं आणि खिडकीच्या चौकटीला अडून तिथे ठिबकत होतं. खिडकीभोवती कितीही सिलिकॉन लावलं असतं तरी त्या पाण्याला काहीच फरक पडला नसता.

असा पंखा नसेल तर बागेचा पाइप आणि एक मदतनीस एवढ्यावरही शोध लागतो, मात्र धीर हवा. पाणी सगळीकडे एकदम मारलं तर काहीच कळत नाही. खालच्या सांध्यापासून सुरुवात करायची, प्रत्येक जागी दहा-पंधरा मिनिटं संथ धार ठेवायची आणि मग वर सरकायचं. आतल्या माणसाने बॅटरी घेऊन कपाटांची मागची बाजू पाहत राहायचं. दाबाने पाणी मारणारं यंत्र सांध्यावर कधीही रोखू नये. ते शाबूत सीलंटही उचकटून काढतं.

पट्टी उघडल्यावर

दिव्याचं भोक सापडलं म्हणून काम संपत नाही. कारागिराने कडेच्या पट्टीतली प्लॅस्टिकची फीत ओढून काढली. तिच्याखाली स्क्रूंची रांग होती. पुढचे स्क्रू चकचकीत, दिव्याजवळचे तांबूस, आणि कोपऱ्यातल्या दोघांची नुसती डोकी हातात आली, दांडे गंजून गेले होते. पट्टी सैल करून खालच्या लाकडात त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर न लावता तो इंचभर आत गेला. लाकूड काळं, ओलं आणि तंतुमय झालं होतं. बोटांत चुरडलं की त्याचा भुगा होत होता.

कुजवणारी बुरशी वीस टक्क्यांखालच्या लाकडात सहसा मूळ धरत नाही आणि तीस टक्क्यांच्या आसपास तिचं चांगलं फावतं. भिजलेल्या वस्तूवर साधी बुरशी तर दोन दिवसांत धरू शकते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था भिजलेलं घर २४ ते ४८ तासांत वाळवा म्हणते, ते म्हणूनच. म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी थांबवा, मग उघडा, मग वाळवा आणि सर्वांत शेवटी बंद करा. घाईने बंद केलेली ओली भिंत आतून कुजतच राहते.

कुजलेलं लाकूड टोचून पाहत, जिथे अवजार रुतत नाही तिथपर्यंत कापून काढायचं. भिजलेलं ग्लासवूल टाकून द्यायचं. मग पंखा आणि हवेतला ओलावा ओढणारं यंत्र लावून लाकडातल्या ओलाव्याचा आकडा पंधराखाली येईपर्यंत थांबायचं. इथे आठवडा सहज जातो. नवी पट्टी जुन्या निकोप लाकडाला सांधून बसवायची. गंजक्या स्क्रूंच्या जागी थोडे जाड, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, म्हणजे जुन्या सैल भोकातही ते घट्ट बसतात.

आता सीलंट. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, कारण दुकानात सहज मिळतं आणि सगळ्यांना ठाऊक असतं ते घरगुती सिलिकॉन. ते रबराच्या छतावर नीट धरत नाही, आणि एकदा लावलं की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. पुढच्या माणसाला त्याचा कण न् कण खरवडून काढावा लागतो. खरा अडसर असतो तो पट्टीच्या किंवा चौकटीच्या खाली दडलेल्या ब्युटाइल टेपचा. ती राखाडी, चिकट पट्टी कधी पूर्ण कडक होत नाही, त्यामुळे सांधा हलला तरी ती सोबत हलते. टेप सगळीकडून दाबली जाऊन कडेने जराशी बाहेर डोकावेल इतपत स्क्रू आवळायचे. वरून जे सीलंट फासतात ती दुसरी फळी. छताच्या सपाट भागासाठी आपसूक पसरणारं लॅप सीलंट, उभ्या भागासाठी न ओघळणारं. रबराचं छत पुसायला पेट्रोलियमयुक्त द्रव चालत नाही, त्याने रबर फुगतं. एअर कंडिशनरखालची गादी (गॅस्केट) दबली असेल तर त्याचे चार बोल्ट आतून थोडे आवळायचे. अति आवळले तर गादीचा जीव जातो आणि गळती वाढते.

खिडक्यांच्या खालच्या चौकटीत बाहेरच्या बाजूला बारीक फटी असतात. चौकटीत आलेलं पाणी त्यांतून बाहेर पडतं. बरेच जण त्यांनाच गळतीची जागा समजून बुजवतात. मग चौकट भरते आणि पाणी आतल्या बाजूने सांडतं. त्या फटी मोकळ्या ठेवायच्या, माती काढून साफ करायच्या.

पाऊस नसतानाही

कोरड्या हवेत जमीन ओली दिसली, तर शोध दुसरीकडे घ्यावा लागतो. ट्रेलरमध्ये बारा व्होल्टचा पंप असतो. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप चालू होतो, बंद केला की थांबतो. सगळे नळ बंद असताना, रात्रीच्या शांततेत पंप मध्येच दोन सेकंद घरघरला, तर नळजोडणीत कुठेतरी पाझर आहे. वसंतातल्या गळतीचं नेहमीचं कारण म्हणजे हिवाळ्यात आत राहिलेलं पाणी. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि सांधा फुटतो. दुसरं कारण म्हणजे कॅम्पच्या नळाचा बेसुमार दाब. पाइपाला दाब-नियंत्रक लावून तो ४० ते ६० पीएसआयमध्ये ठेवणं हा सर्वांत स्वस्त विमा. आणि ट्रेलरच्या पोटाखालचं प्लॅस्टिकचं आवरण कुठे फुगून लोंबत असेल, तर त्यात पाणी साठलेलं आहे हे ओळखावं.

कधी गळतीच नसते, असते ती वाफ. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. भिंतीतला हीटर ते बाहेर सोडतो, पण शेगडी आणि सुटा गॅस-हीटर ते आतच सोडतात. त्यात माणसांचे श्वास, ओले टॉवेल, उकळता भात. थंड काचेवर आणि धातूच्या चौकटीवर ही वाफ पाणी होऊन ओघळते. पाऊस नसलेल्या थंड रात्रीनंतर सकाळी डाग ओला असेल, तर शिडी काढण्याआधी खिडकी बोटभर उघडी ठेवून आणि पंखा लावून झोपून पाहावं.

जुना ट्रेलर घ्यायला जाताना हीच सगळी माहिती उपयोगी पडते. नव्या गाद्या आणि ताजा रंग पाहून भुलू नये. चारही कोपऱ्यांत, दाराच्या उंबऱ्याशी, खिडक्यांखाली तळहाताने दाबून पाहावं, मऊ लागलं तर आत कूज आहे. सरकत्या भागाच्या, म्हणजे स्लाइड-आउटच्या खालची फळी वाकून पाहावी. तिच्या कडा फुगल्या असतील तर पाणी तिथून जातंय. फायबरग्लासची भिंत उन्हात तिरकस नजरेने न्याहाळावी. तिच्यावर फुगवटा दिसला तर आतलं प्लायवुड भिजून सुटलेलं आहे. ही दुरुस्ती सर्वांत अवघड, अनेकदा न परवडणारी.

शाकारणी

सिॲटलच्या त्या घरात काम चाललं असताना आजी खुर्ची टाकून बघत बसली होती. पट्टी उघडून, साफ करून, पुन्हा बसवण्याचा तो खटाटोप पाहून ती म्हणाली, “आमच्याकडे मृगाआधी दरवर्षी घर शाकारतात, तसंच आहे की हे.” कोकणातली शाकारणी ही गळल्यावर करायची दुरुस्ती नसते. वैशाखात कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा बघायच्या, पुन्हा रचायची. गेल्या पावसात एक थेंब गळलेला नसला तरी.

ट्रेलरला नेमकं हेच लागतं. वसंतात एकदा आणि हिवाळ्याआधी एकदा. छत माणसाचं वजन पेलणारं आहे ना, हे आधी पाहायचं. नसेल तर प्लायवुडची फळी टाकून किंवा शिडीवरूनच काम करायचं. कचरा आणि झाडाची पानं काढायची, छत धुवायचं आणि मग गुडघ्यांवर बसून प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवायचं. केसाएवढी चीर, सुटलेली कड, वर आलेलं स्क्रूचं डोकं, जे दिसेल ते तिथल्या तिथे बंद करायचं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत ही तपासणी मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली असते आणि ती केली नाही तर गळतीची हमी नाकारली जाऊ शकते. ते पान वाचणारे थोडे आणि छतावर चढणारे त्याहून थोडे. विक्रेत्यांनी गाडी ताब्यात देताना ग्राहकाला दूरचित्रवाणी संच कसा लावायचा हे दाखवण्याआधी शिडीवर नेऊन छत दाखवलं, तर कितीतरी ट्रेलर वाचतील.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या उद्या कोकणात मोठ्या संख्येने फिरू लागतील, तेव्हा त्यांची गाठ वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पावसाशी आणि खाऱ्या हवेशी पडेल. साधा लोखंडी स्क्रू तिथे किती टिकणार, ओली भिंत कधी वाळणार? परदेशी गाडीचा नुसता आराखडा उचलून भागणार नाही. सांधे कमी, लाकूड कमी, कडेला पाणी बाहेर फेकणारी रुंद पन्हळ आणि दर पावसाळ्याआधी छताची तपासणी, हे पहिल्या दिवसापासून ठरवून घ्यावं लागेल.

आणि ट्रेलर विकत घ्यायला निघालेल्या कुणीही, इथे किंवा तिथे, किमतीआधी स्वतःला एक विचारावं. वर्षातून दोनदा, अर्धा-अर्धा दिवस, मी याच्या छतासाठी काढणार आहे का? उत्तर हो असेल तर वीस वर्षांचा जुनाही खुशाल घ्यावा, तो मुलांच्या मुलांनाही फिरवून आणेल. नाही असेल तर कोरा करकरीतही घेऊ नये.